दोघांनी मिळून गळ टाकताना : पुण्याजवळच्या तलावावरील एका सकाळची तयारी

गळाने मासे धरायला दोघांनी जावे, आणि ते केवळ सोबतीसाठी नव्हे. एकट्याला एका वेळी पाण्याची एकच खोली तपासता येते, दोघांना दोन. म्हणून पहिला तासभर दोघांनी वेगवेगळ्या खोलीवर आणि वेगवेगळे आमिष लावून गळ टाकावेत, आणि ज्याच्याकडे मासा लागेल त्याच्याप्रमाणे दुसऱ्याने आपला गळ बदलावा, हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. शेजारीशेजारी बसून एकसारखेच गळ टाकणाऱ्या जोड्या काठावर पुष्कळ दिसतात. त्यांना दोघे असण्याचा फायदा मिळत नाही.

जागेची चौकशी आदल्या आठवड्यात करावी. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे हौशी माणसानेही संस्थेला विचारूनच गळ टाकावा. ठेका कोणाकडे आहे हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात समजते. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नये, तसेच खडकवासल्याच्या ज्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे तिकडेही फिरकू नये. परवानगी मिळाल्यास सिंहगड रस्त्याने डोणजे फाट्यावरून पानशेतच्या दिशेने जावे. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गर्दी असते. त्या मानाने खानापूरच्या पुढे काठ शांत मिळतो.

उन्हाळ्यात पुण्यात सहाच्या सुमारास उजाडते आणि ऊन चढेपर्यंत मासा काठाजवळ चरतो, त्यामुळे अंधार असतानाच पोहोचावे. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि थंड पाण्यात रोहू-कटला मंदावलेले असतात. तेव्हा पहाटेची घाई न करता थोडे ऊन पडल्यावर बसणे बरे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बरेच मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांच्या तोंडाशी येतात, म्हणून त्या काळात गळ घरीच ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओसरले की उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळतो, पण आत ओलाच असतो. त्यावर पाय ठेवण्यापूर्वी काठी खुपसून पाहावी, आणि एकाने पुढे जाताना दुसऱ्याने मागे घट्ट जमिनीवर थांबावे.

आमिषासाठी कणीक आणि भाजून कुटलेली शेंगदाणा पेंड समप्रमाणात घेऊन त्यात थोडा गूळ घालावा आणि अगदी थोड्या पाण्यात घट्ट मळावे. मळताना कापसाचे पिंजलेले तंतू मिसळले तर गोळा गळावरून सुटत नाही. बोराएवढी गोळी करून पेलाभर पाण्यात सोडावी : दहा मिनिटे ती टिकली आणि कडांनी हळूहळू विरघळू लागली, तर मळण साधले. लगेच फुटली तर कणीक वाढवावी. दगडासारखी राहिली तर वास पाण्यात पसरत नाही, तेव्हा पेंड वाढवावी. दुसऱ्याने गांडुळे न्यावीत, ओल्या मातीसह आणि सावलीत ठेवून. काठावर मूठमूठ चारा फेकणे मात्र टाळावे, कारण हे पाणी पुणेकर पितात.

खोली ठरवताना माशाचे तोंड आठवावे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली असल्यामुळे तो तळ उकरतो. म्हणजे एकाने आमिष तळाला टेकवावे आणि दुसऱ्याने तळापासून हातभर वर ठेवावे. तळ शोधण्यासाठी गळाला शिशाचा तुकडा अडकवून पाण्यात सोडावा आणि फ्लोट (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) वर-खाली सरकवत पाहावा : फ्लोट बुडाला तर दोरी तोकडी आहे, आडवा पडला तर जास्त आहे.

मासा लागल्याचे फ्लोटच सांगतो, पण प्रत्येक माशाची भाषा निराळी असते. चिलापी (तिलापिया) बारीक बारीक धक्के देते आणि आमिष कुरतडते, तेव्हा हात आवरावा. रोहू एकदोनदा हलवून फ्लोट तिरका खाली ओढतो, तेव्हा मनगटाने झटका द्यावा. तळाचे आमिष मृगळाने उचलले की शिशाचा भार सुटून फ्लोट उलट वर उठतो आणि आडवा होतो. नवखा माणूस वाऱ्यामुळे तसे झाले असे समजून संधी घालवतो.

एकाला मोठा मासा लागताच दुसऱ्याने आपली दोरी ताबडतोब गुंडाळावी, नाहीतर दोन्ही तंगूस (गळाचे नायलॉनचे धागे) एकमेकांत अडकतात. दोघांमध्ये 15-20 पावलांचे अंतर ठेवण्याचे कारणही हेच. नंतर त्याने हातजाळे पाण्यात बुडवून स्थिर धरावे. माशामागे जाळे फिरवू नये, गळवाल्याने मासा जाळ्यावर आणावा.

महसीर हा मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा लागला तर तो सोडावाच, याबाबत तडजोड करू नये. दख्खनच्या या महसीरचे पहिले शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्स यांनी केले, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्ले मुद्दाम वाढवून जलाशयांत सोडली जातात. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट केलेला असेल तर गळ सहज निघतो. ओल्या हातांनी मासा पाण्यातच धरावा आणि कल्ले नीट हलू लागेपर्यंत त्याचे तोंड वाऱ्याच्या दिशेने, लाटांकडे करून आधार द्यावा.

घरी न्यायचे मासे तेवढेच ठेवावेत जेवढे दोन्ही घरांत त्या दिवशी शिजतील, आणि ते बर्फाच्या डब्यात ठेवावेत. खवले काढणे आणि साफ करणे तलावावर करू नये. तुटलेल्या तंगूसचा प्रत्येक तुकडा पिशवीत भरावा, कारण काठावर राहिलेला धागा बगळ्यांच्या आणि टिटव्यांच्या पायांना गुंडाळतो. निघताना एकाने सामान आवरावे आणि दुसऱ्याने दोघांच्या बसण्याच्या जागांमधला काठ धाग्यासाठी चालत तपासावा.