बियाण्याच्या सोयाबीनसाठी थ्रेशरची पुली आणि ड्रमचे फेरे कसे ठरवावेत

घरचे सोयाबीन पुढच्या हंगामाला बियाणे म्हणून राखायचे असेल, तर त्याची उगवण बरीचशी मळणीच्या दिवशीच ठरते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल अतिशय पातळ असते आणि मूळकोंब त्या टरफलाच्या अगदी लगत असतो. त्यामुळे गव्हाला जो मार सहज सोसतो, तोच मार लागलेला सोयाबीनचा दाणा वरून अख्खा दिसूनही उगवत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीत सोयाबीन काढणारा भाड्याचा थ्रेशरच फाल्गुनात गहू आणि हरभरा काढतो. चालक पिकाप्रमाणे जाळी बदलतो, परंतु दाण्याला झोडपणाऱ्या दातेरी ड्रमची पुली बहुधा तीच राहते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या बियाण्याचे शंभरातले बावन्नच दाणे उगवले. साठवण नीट होती, पोत्यांना ओल लागलेली नव्हती. पुढच्या हंगामात तेच यंत्र खळ्यावर आले तेव्हा ड्रमवर टॅकोमीटर (फेरे मोजायचे उपकरण) धरला, तर फेरे मिनिटाला ७०० च्या वर निघाले. बियाण्याच्या सोयाबीनसाठी सर्वसाधारण शिफारस अशी आहे की दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ४०० ते ५०० फेरे ठेवावेत आणि ओलावा १३ टक्क्यांवर आला असेल तर ३०० ते ४००. दाणा जितका वाळलेला, तितका तो ठिसूळ. म्हणून बियाण्याची सुडी दुपारच्या कडक उन्हात मळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेऱ्यांचा हा आकडा वापरताना ड्रमचा व्यास विसरू नये, कारण दाण्याला मार बसतो तो दात्याच्या टोकाच्या वेगाचा. दात्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत २४ इंच भरणारा ड्रम ४०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे पावणेतेरा मीटर वेगाने मारतो, तर ३० इंची ड्रम त्याच फेऱ्यांवर सुमारे सोळा मीटरने. मोठ्या ड्रमला लहान ड्रमइतकाच मार ठेवायचा असेल, तर त्याचे फेरे ३२० पर्यंत उतरवावे लागतात.

पुलीचा हिशेब सोपा आहे: चालवणाऱ्या पुलीचे फेरे गुणिले तिचा व्यास, भागिले चालणाऱ्या पुलीचा व्यास. व्यास मोजताना पुलीची बाहेरची कड न धरता खाचेत पट्टा जिथे बसतो तिथला व्यास धरावा. समजा ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. (यंत्राला ताकद देणारा मागचा फिरता दांडा) ५४० फेऱ्यांनी मुख्य शाफ्ट फिरवतो, त्या शाफ्टवर १२ इंची पुली आहे आणि ड्रमवर ९ इंची. ५४० गुणिले १२ भागिले ९ म्हणजे ७२० फेरे झाले. ड्रमवर १६ इंची पुली बसवली तर ४०५ फेरे येतात आणि पट्ट्याची साधारण दोन टक्के घसरण वजा जाता ते चारशेच्या आत राहतात. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या यंत्राचा हिशेबही असाच होतो. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ५ इंची पुली असेल, तर ड्रमवर १८ इंची हवी.

इथे पुष्कळजण ड्रमची पुली मोठी करण्याऐवजी मुख्य शाफ्टवरची लहान करतात, कारण लहान पुली स्वस्त पडते आणि पटकन मिळते. ही काटकसर मला पटत नाही. वरच्या उदाहरणात १२ इंचीच्या जागी साडेसहा इंची पुली लावली तर फेरे ३९० होतात हे खरे, परंतु पट्ट्याचा वेग निम्म्याजवळ येतो आणि तेवढीच ताकद न्यायला पट्ट्यावर जवळजवळ दुप्पट ओढ पडते. शिवाय पट्टा लहान पुलीवर जास्त वाकून लवकर तडकतो. बी सेक्शनच्या पट्ट्याला ५ इंचांखालची आणि त्याहून जाड अशा सी सेक्शनच्या पट्ट्याला ८ इंचांखालची पुली लावू नये. म्हणून जागा असेल तिथे ड्रमचीच पुली मोठी करावी, खाचांची संख्या पहिल्याइतकीच ठेवावी आणि नवा पट्टा लांब घ्यावा. ९ वरून १६ इंचांवर गेल्यास तो सुमारे ११ इंच जास्त लांब लागतो. पुलीचे भोक लेथवर नेमके मध्यावर काढून घ्यावे आणि पुली शाफ्टला अडकवणारी चावी घट्ट बसल्याची खात्री करावी, कारण वजनदार पुली जराशीही लंगडी फिरली तरी बेअरिंग खाते.

पुलीचा खर्च टाळण्यासाठी ट्रॅक्टरचा थ्रॉटल कमी करणे हा उपाय नव्हे. तसे केल्याने ड्रमबरोबर पंखा आणि चाळणीही मंदावतात, दाण्यात कुटार येते, आणि इंजिनची ताकद उतरल्याने ओलसर पेंढी घातली की ड्रम तुंबतो. ट्रॅक्टरच्या मीटरवर पी.टी.ओ.च्या ५४० फेऱ्यांची जी खूण असते, तिच्यावरच इंजिन ठेवावे आणि मंद फक्त ड्रम करावा. याचसाठी पंख्याचा पट्टा कुठून येतो हे आधी बघावे. तो मुख्य शाफ्टवरून येत असेल तर काहीच करावे लागत नाही. ड्रमच्या शाफ्टवरून येत असेल, तर ड्रम ज्या प्रमाणात मंदावला त्याच प्रमाणात पंख्याला फिरवणारी पुली मोठी करावी लागते. वरच्या उदाहरणात ६ इंचीच्या जागी साडेदहा इंची. चाळणीचा पट्टाही तसाच तपासावा.

वेगाची वरची मर्यादा यंत्राच्या पाटीवर असते आणि ती कधीही ओलांडू नये. गव्हाच्या घाईत जास्त पोती निघावीत म्हणून ड्रमला लहान पुली लावणारे मी पाहिले आहेत. फेरे सव्वापट झाले की दाते आणि बोल्ट बाहेर फेकणारी ओढ दीडपटीहून जास्त होते, आणि तुटलेला दाता समोर पेंढी घालणाऱ्या माणसाकडे येऊ शकतो. पुली बदलताना पी.टी.ओ. शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवावा आणि पट्ट्यावरची जाळी परत लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

पुली बसली की आधी रिकाम्या आणि मग भरल्या ड्रमचे फेरे टॅकोमीटरने मोजावेत. पहिले पोते निघताच त्यातले शंभर दाणे वाटीभर पाण्यात टाकून दहा मिनिटे थांबावे. टरफल तडकलेले दाणे सुरकुतून भराभर फुगतात, धड दाणे तसेच टणक राहतात. फुगलेले दाणे दहाहून जास्त निघाले, तर मी यंत्र थांबवून फेरे आणखी उतरवतो. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाण्यांची उगवण बघावीच, कारण सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरली जाते. यंत्र दुसऱ्या गावी जाते आणि चालक बदलतो, म्हणून कोणत्या पिकाला किती इंची पुली हे थ्रेशरच्या चौकटीवर ऑइलपेंटने लिहून ठेवावे. आमच्याकडच्या यंत्रावर आता ‘सोयाबीन बियाणे १६, हरभरा ९’ असे लिहिलेले आहे.