धक्का बसला तरी तोल जाऊ नये म्हणून पोटऱ्या अशा तयार करा

आधी हे करून बघा. भिंतीकडे तोंड करून हातभर लांब अनवाणी उभे राहा, आणि टाचा न उचलता, कमरेत न वाकता अख्खं शरीर घोट्यातून थोडं पुढे झुकवा. पोटऱ्या लगेच कडक होतात आणि चवडे जमिनीत रुततात ना, हाच तुमचा ब्रेक.

शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो त्यामुळे नुसतं उभं असतानाही पोटरी थोडं थोडं काम करतच असते. त्यात मुख्य स्नायू दोन, गॅस्ट्रॉक्नेमियस वरचा, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो, आणि त्याच्या खाली सोलिअस, जो सहसा दमत नाही. दोन्ही अकिलीस टेंडनने टाचेला जोडलेले.

आता बसने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे जातो, पोटरी ताणली जाते आणि साधारण 100 मिलिसेकंदात ती जोरात आवळून शरीर मागे खेचते. तुम्ही विचार करून काही करायच्या आत हे होऊन गेलेलं असतं, म्हणून नुसतं "जपून उभं राहा" सांगून फार उपयोग नाही, हे आपोआप होणारं कामच सुधारायला हवं. धक्का मोठा असेल तर कमरेतून वाकणं किंवा पटकन पाऊल टाकणं लागतंच, आणि पाऊल टाकणं हा कमीपणा अजिबात नाही. मागे जायला लागलो तर मात्र नडगीवरचा स्नायू धावून येतो.

सरावाची सुरुवात टाचा उचलण्यापासून करा, खुर्चीची पाठ धरून, 10-12 वेळा, दोन-तीन सेट, एक दिवसाआड. वर पटकन गेलात तरी चालेल पण खाली येताना तीन-चार आकडे मोजत हळू या, कारण पुढे जाणारं शरीर रोखताना पोटरी बऱ्याचदा ताणली जाता जाताच जोर लावत असते. अर्धे सेट गुडघे थोडे वाकवून करा म्हणजे सोलिअसवर जास्त भार येतो. सोपं वाटलं की एका पायावर. बसून पंजे वर उचलायचा व्यायामही जोडा, नडगीसाठी.

पण नुसत्या ताकदीवर थांबू नका, माझ्या मते खरा फायदा पुढच्या भागात आहे आणि नेमका तोच लोक सोडून देतात. घोट्यातून पुढे-मागे झुकून परत मध्यावर यायचा सराव करा, मग खोलीच्या कोपऱ्यात भिंतींकडे पाठ करून उभे राहा आणि घरच्या कोणालातरी समोरून खांद्याला किंवा कमरेला हलकेच ढकलायला सांगा, कधी ढकलणार ते न सांगता. नंतर तोंड कोपऱ्याकडे करा, हात भिंतीजवळ ठेवा आणि मागून हलका धक्का घ्या, पोटरीचं काम यातच जास्त आहे. नजर समोर ठेवा, पायांकडे नको. हे जमलं की जाड मऊ चटईवर करा, तिथे तळपायातून आणि घोट्यातून मिळणारी माहिती धूसर होते आणि काम अवघड होतं.

दोन्ही एकाच दिवशी करत असाल तर तोलाचा सराव टाचा उचलण्याच्या आधी करा, दमलेल्या पोटरीने शरीर जास्त डुलतं.

चक्कर येत असेल, डायबेटिसमुळे तळपाय बधिर असतील किंवा नुकतेच पडला असाल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओला विचारा, आणि ढकलण्याचा सराव एकट्याने ठरवून सुरू करू नका. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते.