टूसॉनहून माउंट लेमन: टाकी भरा, स्वेटर घ्या

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला गेलात आणि हाताशी एकच दिवस असेल, तर मी डोळे झाकून माउंट लेमन या डोंगरावर चढणारा कॅटालिना हायवे सुचवेन. पायथ्याला उंचच उंच सवारो निवडुंगांचं वाळवंट, आणि जेमतेम 43 किलोमीटरवर 2,700 मीटरहून उंच डोंगरमाथ्यावर पाइन-फरचं गार जंगल! चढताना निवडुंग कुठे संपतात तिकडे लक्ष ठेवा. साधारण 1,200 मीटरनंतर एकही दिसत नाही. मग ओकची झुडपं, मग पाइन. काचा खाली करा, वासही बदलतो.

निघण्याआधी शहरातच टाकी भरा, वर पेट्रोल पंप नाही. प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी घ्या. आणि उन्हाळा असला तरी स्वेटर हवाच, कारण वर खालच्यापेक्षा सहज 12 ते 15 अंश कमी असतात. हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा रस्ता उघडा आहे का ते आधी बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेच निघा. दुपारी ढग दाटून विजा कडाडतात, आणि वाटेतल्या विंडी पॉइंट या नजारा बघायच्या जागेचे उघडे कातळ तेव्हा फार धोक्याचे. एरवी मात्र तिथला सूर्यास्त अजिबात चुकवू नका.

उतरताना आपल्या घाटातलीच सवय ठेवा: गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय नको. वळणावळणांवर सायकलस्वार असतात, त्यांना भरपूर जागा द्या.