क्रम बिघडला की कॅश अडकली? वर्डप्रेस मल्टिसाइटची तपासणी

समजा, सांगलीतल्या एखाद्या संस्थेची मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक साइट, आहे. मिरज, तासगाव, जत, शिराळा अशा तालुक्यांच्या वेगवेगळ्या साइट आणि प्रत्येकीचा संपादक वेगळा. जतच्या संपादकाने 'संपर्क' पान यादीत खाली नेलं. त्याला ते खाली दिसतं, बाकी सगळ्यांना वरच. पान लवकर उघडावं म्हणून साठवलेली त्याची जुनी प्रत म्हणजे कॅश. पण लगेच 'सगळी कॅश पुसा' दाबू नका, कारण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो.

तेच पान इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता) उघडा. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि मनाला येईल तो शब्द जोडून पुन्हा उघडा. आता क्रम बरोबर आला तर पान कुठल्या तरी कॅशमधून शिळं येत होतं. तरीही चुकीचाच आला तर आधी क्रमाचे आकडे तपासा. लॉगिन केलेल्यांना पेज कॅश (अख्खी तयार पानं साठवणारी कॅश) सहसा वगळते, त्यामुळे 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' या संपादकाच्या म्हणण्याला इथे काही किंमत नाही.

पानाच्या 'ऑर्डर' खान्यात मुळात ० असतो. सगळीकडे ० असेल तर पानांची यादी शीर्षकाच्या अक्षरक्रमाने लागते, आणि तो क्रम आपल्या शब्दकोशातला नव्हे. 'क्षेत्रफळ' हे पान शेवटी जाण्याऐवजी क-च्या पानांत, 'खरेदी'च्या आधी येऊन बसतं. त्यामुळे आकडे स्वतः भरा आणि १०, २०, ३० असे अंतर ठेवून भरा, म्हणजे मध्ये एखादं पान घालताना सगळी यादी हलवावी लागत नाही. हे आकडे एकाच मूळ पानाखालच्या भावंडांपुरतेच मोजले जातात.

मराठी कीबोर्डवर काम करणाऱ्यांची हमखास होणारी चूक क्विक एडिटमध्ये (पानांच्या यादीतच झटपट बदल करण्याच्या सोयीत) सापडते. तिथे देवनागरीत २० टाइप केलं की पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) त्याचा पूर्णांक ० करते, आणि चुकीचा कसलाही संदेश येत नाही. खान्यातले अंक इंग्रजीच (0 ते 9) हवेत. क्रम कस्टम फील्डवरून (पानाला आपण जोडलेल्या जादा खान्यावरून) लावला असेल आणि १ नंतर १०, मग २ येत असेल, तर तुलना मजकूर म्हणून होते आहे. क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या मागणीत) संख्येची तुलना मागा.

माउसने ओढून क्रम लावणारं प्लगइन असेल तर ते अनेकदा अख्ख्या यादीचे आकडे नव्याने लिहितं. दोघांनी एकाच वेळी ओढाओढ केली की शेवटी जतन करणाऱ्याचा क्रम टिकतो. हे काम एकाकडेच द्या.

दोष कॅशचा ठरला तर आतून बाहेर पुसत या: आधी ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसची उत्तरं साठवणारी; रेडिस किंवा मेमकॅश्ड), मग पेज कॅश, मग सीडीएन (पानांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा), शेवटी ब्राउझर. उलट केलंत तर सीडीएन सर्व्हरकडून तेच शिळं पान पुन्हा उचलतं आणि तुम्ही गोल गोल फिरत बसता. क्लाउडफ्लेअर हे सीडीएन आपणहून एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर) साठवत नाही. तिथे पान अडकलं असेल तर बहुधा कुणीतरी 'सगळं कॅश करा' असा नियम लावलेला असतो, तो शोधा.

पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून थेट डेटाबेसमध्ये आकडे बदलले तर ऑब्जेक्ट कॅशला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी प्रश्नचिन्हाच्या युक्तीनेही जुनाच क्रम दिसतो. एका रेडिसवर दोन स्वतंत्र वर्डप्रेस चालत असतील तर दोन्हींच्या कॉन्फिग फाइलमध्ये कॅश-की सॉल्ट (कॅशमधल्या नोंदींना लागणारा ओळखीचा शब्द) वेगळा ठेवा, नाहीतर एकीचा मजकूर दुसरीत डोकावतो.

फॉर्म भरताना 'दुवा कालबाह्य झाला' असं येत असेल तर पेज कॅशची मुदत पाहा. वर्डप्रेसचा नॉन्स (फॉर्मसोबत जाणारा सुरक्षेचा तात्पुरता कोड) १२ ते २४ तास चालतो, म्हणून फॉर्म असलेल्या पानांची मुदत १० तासांच्या आत ठेवा.

बाहेरच्या वाचकाला अ‍ॅडमिनची काळी पट्टी दिसली तर मात्र क्रमबिम सोडा, हे गंभीर आहे. लॉगिन कुकी (लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) असलेल्यासाठी बनलेलं पान कॅशमध्ये शिरलंय. पेज कॅश आणि सीडीएन तात्काळ बंद करून पुसा, ती कुकी वगळण्याचा नियम घाला आणि इन्कॉग्निटोत खात्री झाल्यावरच दोन्ही पुन्हा सुरू करा.