दाढीनंतर फोड? आधी रेझर बाजूला ठेवा
बडोद्यात पावसाळी घामट हवा सुरू झाली की दाढीनंतर गळ्यापाशी लाल खाजरे फोड येतात बऱ्याच जणांना, मधोमध केस आणि टोकाला पिवळसर पू दिसला की समजा केसाच्या मुळाशी इन्फेक्शन झालंय, बहुतेकदा स्टॅफिलोकोकस बॅक्टेरिया, ब्लेडने खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात. फोडायचं अजिबात नाही! थोडे दिवस दाढी बंद, आणि कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं 10-15 मिनिटं, दिवसातून तीनदा. मेडिकलमधून स्टेरॉइडवाली खाजेची ट्यूब आणून चोपडू नका, उलट वाढतं. सलूनमध्ये नवीन ब्लेड समोर उघडायला लावा, उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने ब्लेड, मारू देऊ नका (गाल गुळगुळीत नाही झाला तर काय बिघडतंय). ताप आला, लाली पसरली किंवा आठवडाभरात उतरलं नाही तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा.