जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर: गरम इंजिनचा आकडाच खरा

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला की जुन्या जीप आणि अ‍ॅम्बेसेडर स्लोवर उभ्या असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. रेस दिली की विझतो. मिस्त्री ‘बेअरिंग गेलं’ म्हणतो आणि चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खाली उतरतं. त्याआधी आकडा नीट घ्या. दोष पुष्कळदा हा दिवा लावणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचचा किंवा पातळ ऑइलचा असतो.

ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून त्याला वाट काढावी लागते म्हणून. संत्र्याच्या बागेत ड्रिपची छिद्रं मोठी झाली की मोटार तीच असूनही गेजचा काटा खाली येतो, तसंच हे. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंगमधली फट साधारण ०.०५ मिमी असते. ती वाढली किंवा ऑइल तापून पातळ झालं की प्रेशर पडतं. सकाळी थंड असताना ४ किलो दाखवणारं झिजकं इंजिन दुपारी अर्ध्या किलोवर येऊ शकतं. (इथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब; १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.)

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग पट्टी पुसून लेव्हल बघा. ऑइलला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर ते आधीच पातळ झालंय. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. दोन्ही वेळा पुढची तपासणी थांबवून मूळ कारण शोधा.

आता स्विच काढून त्या जागी ० ते ७ किलोचं मेकॅनिकल गेज लावा. आटे जुळणारा अडॅप्टरच घ्या, जबरदस्तीने आवळू नका. नळी एग्झॉस्टपासून लांब ठेवा. गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवा, कारण पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. मग स्लो, १०००, २००० आणि ३००० आरपीएमवरचे आकडे वहीत लिहा. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा प्रमाण. नसेल तर दर हजार आरपीएमला ०.७ किलो हा जुना हिशेब चालतो. गरम स्लोवर १ किलो मिळत असेल तर घाबरू नका. साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली गेल्यावरच दिवा लागतो, म्हणून निव्वळ दिव्याच्या भरवशावर राहू नये.

रेसवर आकडा चांगला आणि फक्त गरम स्लोवर पडका, तर बेअरिंगची झीज असण्याची शक्यता मोठी. सगळीकडेच कमी असेल तर पंप, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) कचरा अडकून उघडा राहिलेला. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत स्वस्तात साफ होतो, म्हणून आधी तोच बघा. रेस वाढवल्यावर प्रेशर चढून पुन्हा घसरलं तर चेंबरमधली जाळी गाळाने चोंदली आहे. वळणावर काटा पडतो म्हणजे लेव्हल कमी, किंवा जाळीची नळी तडकून हवा ओढते. मेकॅनिकल गेज व्यवस्थित आणि डॅशबोर्डवरचाच काटा पडलेला असेल तर सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर) आणि अर्थिंग तपासा. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉनचे खूप वेढे दिले की अर्थ तुटतो आणि काटा चुकीचं दाखवतो.

चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर आला तर इंजिन तिथेच बंद करा. कापसाची जिनिंग दोन किलोमीटरवर असली तरी गाडी पुढे नेऊ नका. तेवढ्यात क्रँक जातो आणि ग्राइंडिंगचा खर्च अंगावर येतो.

प्रेशर वाढावं म्हणून गियर ऑइल ओतण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडा. काटा वर दिसतो, पण डिसेंबरच्या पहाटे तेच घट्ट ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं. जुन्या पेट्रोल इंजिनला उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० आणि डिझेलला १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल सहसा पुरतं. धुळीच्या रस्त्यावर ऑइल-बाथ एअर क्लीनरमधलं ऑइलही वेळेवर बदला, कारण बेअरिंग खाणारी माती तिथूनच आत येते.

बेअरिंग किंवा पंप बदललाच, तर पंपात ऑइल भरून बसवा. पहिल्यांदा स्टार्टर मारताना डिझेलचा स्टॉप ओढून धरा, पेट्रोलच्या कॉइलची वायर काढा. दहा-दहा सेकंद थांबून थांबून फिरवा. गेजवर काटा हलल्याशिवाय इंजिन पेटवू नका.