हिब्रू बायबलमधले ‘पाहणे’ कसे वाचावे

बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजार-रावपुरा भागात, संस्कृतचा थोडाफार संस्कार झालेला मराठी वाचक बायबलमध्ये ‘द्रष्टा’ हा शब्द वाचतो, तेव्हा त्याला मंत्रद्रष्टे ऋषी आठवणे साहजिक आहे. ही आठवण आरंभापुरती ठीक आहे. अर्थ मात्र हिब्रू वाक्यांतूनच काढावा. येथील प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना पाठ जसे हस्तलिखितांशी ताडून पाहिले गेले, तशीच शब्दाची स्थळे एकमेकांशी ताडावीत.

प्रथम मराठी वचनामागचे क्रियापद शोधावे. स्ट्राँगच्या शब्दसूचीत, म्हणजे बायबलमधील मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या सूचीत, ‘राआ’ हे ७२०० व्या आणि ‘खाझा’ हे २३७२ व्या क्रमांकावर आहे. ‘राआ’ हे रोजच्या पाहण्याचे क्रियापद आहे. ‘खाझा’ पुष्कळच विरळ असून मुख्यतः काव्यात व संदेष्ट्यांच्या ग्रंथांत येते. त्यांपासून अनुक्रमे ‘रोए’ आणि ‘खोझे’ ही द्रष्ट्याची दोन नावे होतात, तर ‘खाझोन’ म्हणजे दर्शन. परंतु एक चर्मचक्षूंचे आणि दुसरे दिव्यदृष्टीचे, अशी सोयीची वाटणी करू नये. निर्गम २४:१०-११ (ग्रंथ, अध्याय आणि वचने या क्रमाने) मध्ये इस्राएलाचे वडीलजन देवाला पाहतात, तेथे लागोपाठच्या दोन वचनांत ही दोन्ही क्रियापदे आली आहेत.

यानंतर क्रियापदाचे रूप तपासावे. आपण पाहणे, दिसणे आणि दाखवणे असे तीन शब्द वापरतो. हिब्रूत ही तिन्ही कामे ‘राआ’च्याच धातूची निरनिराळी रूपे करतात. उत्पत्ती १८:१ मध्ये परमेश्वर अब्राहामाला ‘दिसतो’, तर आमोस ७:१ मध्ये तो आमोसाला ‘दाखवतो’. कर्तृत्व कोणाकडे आहे, हे या रूपावरूनच कळते.

मग कर्माकडे वळावे. यशया २:१ आणि आमोस १:१ येथे जे ‘पाहिले’ ते चित्र नसून वचन, म्हणजे बोललेला शब्द, आहे. यशयाच्या ग्रंथाला पहिल्याच वचनात ‘खाझोन’ म्हटले आहे, आणि दुसरे वचन आकाशाला ‘ऐक’ म्हणून सुरू होते! दर्शन म्हटले की डोळ्यांपुढे देखावा उभा करण्याची आपली सवय येथे आवरावी लागते.

सर्वांत अभ्यासनीय स्थळ यिर्मया १:११-१२ हे आहे. ‘तुला काय दिसते?’ या प्रश्नाला यिर्मया ‘बदामाची काठी’ असे उत्तर देतो. बदाम ‘शाकेद’, आणि पुढच्या वचनात परमेश्वर स्वतःला आपल्या वचनावर ‘शोकेद’, म्हणजे जागता पहारा ठेवणारा, म्हणवतो. व्यंजने तीच, स्वर बदललेले. क्रियापद साधे ‘राआ’ आहे आणि वस्तूही साधीच आहे. तिला संदेशाचे रूप येते ते पुढच्या उच्चाराने. म्हणून दर्शनाचे वचन एकटे न वाचता त्यापुढचे संभाषण पूर्ण वाचावे.

पदनामांच्या बाबतीत १ शमुवेल ९:९ ही टीप जपून वापरावी. पूर्वीच्या ‘रोए’ला पुढे ‘नावी’, म्हणजे संदेष्टा, म्हणू लागले, असे ती सांगते. तथापि २ शमुवेल २४:११ मध्ये गाद हा एकाच वेळी ‘नावी’ आणि दावीद राजाचा ‘खोझे’ आहे, म्हणजे ही नावे एकत्रही नांदतात.

दानीएलाच्या ग्रंथात २:४ पासून ७ व्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतचा भाग अरामी या हिब्रूच्या जवळच्या भाषेत आहे. अरामीत ‘खाझा’ हेच पाहण्याचे नेहमीचे क्रियापद असल्यामुळे ती स्थळे हिब्रू ‘खाझा’च्या यादीत मिसळू नयेत.